हुनर आहे, कागद कुठे आहे?

(दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला, त्याचा आदर्श घ्या. ओळख करून देणाऱ्यांचे आभार. पण रिवाइंडिंगवाल्याला दोन मुलं होती. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्याबद्दल, माझ्या धाकट्या भावाबद्दल. त्याच्या बाबतीत आमच्या घराने जी चूक केली, त्यात सर्वात मोठा वाटा माझा होता. ती चूक तुमच्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी मी आलो आहे.

मिरजेत अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आसपासच्या गावांतून शेतकरी जळालेल्या मोटारी टेम्पोत घालून आणायचे. उन्हाळ्यात तर दुकानाबाहेर मोटारींची रांग लागायची, कारण पाणी थांबलं की ऊस वाळतो आणि शेतकऱ्याला दम नसतो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगतो. मोटार उघडायची, जळालेली तार काढायची, काढताना वेढे मोजायचे, तारेचा गेज मोजायचा. स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद बसवायचा, नवीन कॉइल तयार करून एकेक स्लॉटमध्ये बसवायची, जोडण्या करायच्या, व्हार्निश द्यायचं, वाळवायचं, मेगर लावून तपासायचं. वेढ्यांचा हिशेब चुकला की मोटार तापते आणि आठ दिवसांत तोच शेतकरी परत दारात. अब्बा सातवी शिकलेले. पण मोटार सुरू केली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, बेअरिंग गेलंय की एक फेज मिळत नाही.

मला त्या कामात कधी रस वाटला नाही. मी पुस्तकातला मुलगा. गणित बरं होतं. इंजिनिअरिंगला गेलो, मेकॅनिकल केलं आणि शेवटी नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या मोहल्ल्यातला मी पहिला इंजिनिअर. पेढे वाटले गेले. अम्मीला लोक 'इंजिनिअरची अम्मी' म्हणू लागले.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो सहावी-सातवीत असताना शाळेतून थेट दुकानात जायचा. दहावीपर्यंत तो छोटी सिंगल फेज मोटार एकटा भरायचा. अब्बा फक्त जोडण्या बघायचे. २००९ साली तो दहावी झाला, छप्पन्न टक्के पडले. त्याने घरात सांगितलं, "मेरेकू आयटीआय करनेका है, इलेक्ट्रिशियन." आयटीआय आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर होता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या तोंडावर होतो. मी म्हणालो, "आयटीआय नापास मुलं करतात. इंजिनिअरच्या भावाने आयटीआय करायचा? लोक काय म्हणतील?" अब्बा गप्प बसले. त्यांना वाटलं, शिकलेला मुलगा सांगतोय म्हणजे खरंच असणार. भावाला अकरावी सायन्सला घातलं. बारावीला कसेबसे मार्क पडले, तरी एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या काळात जागा रिकाम्या होत्या, फी भरणारा हवा होता. कर्ज काढलं. अम्मीच्या बांगड्या गेल्या.

तो एम-थ्रीच्या पेपरात अडकला, तो अडकलाच. दोनदा एटीकेटी, मग इयर डाऊन. ज्या मुलाने चौदाव्या वर्षी खरी मोटार भरली, तो इलेक्ट्रिकल मशीन्सच्या तोंडी परीक्षेत घाबरून गप्प राहिला, कारण प्रश्न इंग्रजीत होते. तिसऱ्या वर्षानंतर त्याने सोडलं. त्याच्या हातात ना डिग्री, ना डिप्लोमा, ना आयटीआय. कागदावर तो आजही बारावी पास आहे.

आता तो दुकान चालवतो, आणि उत्तम चालवतो. पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका कारखान्याच्या मोटारींच्या वार्षिक देखभालीचं काम निघालं. त्यांच्या जळालेल्या मोटारी वर्षानुवर्षं याच्याकडेच यायच्या, म्हणून त्यांनी याला बोलावलं. पण काम देताना विचारलं, तुमचा परवाना कुठे आहे? विद्युत कंत्राटदाराचा परवाना. तो नव्हता. काम मिळालं त्याच्याच वर्गातल्या एका मित्राला. तो मित्र दहावीनंतर आयटीआयला गेला होता. आयटीआयच्या जोरावर तारतंत्री परवाना, मग अनुभव, मग पर्यवेक्षक, मग कंत्राटदार, अशी एकेक पायरी तो चढत गेला. आज तो मित्र कारखान्याचं काम घेतो आणि मोटारी भरायला माझ्या भावाकडे पाठवतो. हात माझ्या भावाचे, बिल मित्राच्या नावाचं. मित्राची यात काही चूक नाही. तो भला माणूस आहे आणि पैसेही वेळेवर देतो. पण मी सुट्टीत घरी जातो, दुकानात त्या कारखान्याच्या मोटारी बघतो, तेव्हा मला माझं २००९ सालचं वाक्य आठवतं.

दुसऱ्या बाजूची गोष्टही सांगतो. माझ्या नोकरीत मी नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. चार वर्षांची डिग्री घेतलेली मुलं येतात. मी साधा प्रश्न देतो, ही नावांची यादी आहे, तिच्यातली दोनदा आलेली नावं शोधून दाखवा. बरीच मुलं तिथेच थांबतात. त्यांच्या आई-वडिलांनी कर्ज काढलेलं असतं, कुणी शेत विकलेलं असतं. त्यांच्याकडे कागद आहे, हुनर नाही. माझ्या भावाकडे हुनर आहे, कागद नाही. दोघंही दारातच अडलेत. आपल्याला मुलाच्या एका हातात हुनर आणि दुसऱ्या हातात कागद द्यायचा आहे. काही मुलांसाठी त्याचा रस्ता इंजिनिअरिंग कॉलेजातून जातो. पण बऱ्याच मुलांसाठी तो आयटीआयमधून जातो, आणि तो रस्ता आपण बघतच नाही.

मला माहीत आहे, इथे बसलेल्या काही जणांच्या मनात राग येत असेल. 'आमची मुलं आधीच गॅरेजमध्ये आहेत, भंगारात आहेत, वेल्डिंगच्या दुकानात आहेत. तुम्ही स्वतः एसीत बसून कोडिंग करणार, आणि आमच्या मुलांनी पाने फिरवायचे?' हा राग रास्त आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात हेच आकड्यांनिशी दाखवलं होतं, की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगाराच्या नोकरीचं कमी. अशा समाजाला 'तुम्ही हातानेच काम करा' असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या हेतूवर शंका घेतलीच पाहिजे.

पण गॅरेजमधला छोटू आणि आयटीआयमधला प्रशिक्षणार्थी यांत फरक काय, ते नीट बघा. छोटू शाळा सोडून येतो. उस्ताद जेवढं शिकवेल तेवढंच शिकतो, आणि उस्तादालाही त्याच्या उस्तादाने जेवढं शिकवलं तेवढंच येतं. गाडीत नवीन तंत्र आलं की दोघंही अडतात. दहा वर्षांनी छोटू मोठा होतो, पण त्याला काय येतं हे त्याच्या मोहल्ल्याबाहेर कुणाला माहीत नसतं. आयटीआयचा मुलगा ठरलेला अभ्यासक्रम शिकतो, ड्रॉइंग वाचायला शिकतो, सुरक्षिततेचे नियम शिकतो, परीक्षा देतो आणि देशभर चालणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. म्हणजे तेच काम, पण दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात दाखवता येणारं. सच्चर समितीनेही सुचवलं होतं, की मुस्लिम समाज ज्या कामधंद्यांत जास्त आहे त्या कामांकडे आयटीआयनी लक्ष द्यावं. ती सूचना सरकारने किती पाळली हा वाद आपण घालत राहू, घातलाच पाहिजे. पण तोवर जो आयटीआय आपल्या गावात उभा आहे, त्याच्या दारात आपण किती जण गेलो?

ही संस्था काही आजची नाही. केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू केली, त्यातून आयटीआय उभे राहिले. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, रेफ्रिजरेशन आणि एसी हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, संगणक चालवणं शिकवणारा कोपा हे एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी पास लागते, काहींना आठवी पासही चालते. वयाची खालची अट चौदा वर्षं. सरकारी आयटीआयची फी खासगी इंजिनिअरिंगच्या मानाने अगदी किरकोळ.

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप. १९६१ सालचा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. म्हणजे मुलगा शिकताना घरी थोडे का होईना पैसे आणतो. आपल्या भागातलंच बघा. कुपवाडची एमआयडीसी, कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव, इकडे चाकण. माझगाव डॉकसारख्या जहाज बांधणाऱ्या कंपन्याही शिकाऊ उमेदवार घेतात. रेल्वेत सहायक लोको पायलटसाठी दहावी अधिक आयटीआय चालतो. इस्रोच्या टेक्निशियन पदासाठीही दहावी आणि आयटीआयच मागतात. रॉकेट उडतं तेव्हा टीव्हीवर शास्त्रज्ञ दिसतात, पण त्यामागे फिटर आणि टर्नरही असतात.

आता आखाताबद्दल. आपल्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी तिकडे आहे. मुलगा दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर येतं, म्हणजे सौदी, कुवेत, अमिराती अशा देशांत कामाला जाताना सरकारी परवानगीची वेगळी पायरी. म्हणून पहिली गोष्ट, काहीही झालं तरी दहावी सोडू नका. दुसरी गोष्ट, सौदी अरेबियाने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी तंत्रज्ञ अशा कामगारांची कौशल्य पडताळणी भारतातच सुरू केली आहे. हातात हुनर असूनही दाखवायला कागद नसेल, तर माणसाला हेल्परच्या पगारावर जावं लागतं. एकच काम, पगार वेगळा. तिकडे राहून आलेल्यांना हे मी सांगायला नको.

पुढचा प्रश्न नेहमी येतो. आयटीआयला गेला म्हणजे डिग्रीचं दार कायमचं बंद झालं ना? नाही. हा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. बारावी आणि मग इंजिनिअरिंग, दहावीनंतर सहा वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय, मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश म्हणजे आणखी दोन वर्षं, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात म्हणजे तीन वर्षं. एकूण सात. फरक फक्त एका वर्षाचा. आणि या रस्त्यावर कुठेही थांबलात तरी हातात काहीतरी असतं. दोन वर्षांनी थांबलात, ट्रेडचं प्रमाणपत्र. चार वर्षांनी थांबलात, डिप्लोमा. माझा भाऊ दहावीनंतर सहा वर्षांनी थांबला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, हे तुम्ही ऐकलंत. ज्याला शिकवायची आवड आहे तो सीआयटीएस हा निदेशकाचा अभ्यासक्रम करून आयटीआयमध्येच शिकवू शकतो.

तरी फसवणार नाही. हा रस्ता गुळगुळीत नाही. आयटीआयवरून डिप्लोमाला गेलेल्या मुलांना गणित जड जातं. त्याची तयारी आयटीआय चालू असतानाच करावी लागते. सगळे आयटीआय सारखे नसतात. काही ठिकाणी यंत्रं जुनी, काही ठिकाणी निदेशकांच्या जागा रिकाम्या. काही खासगी संस्थांत तर फी घेतात, हजेरी लावतात आणि मुलगा कधी लेथला हातही लावत नाही. तिथे पुन्हा तेच, कागद आहे पण हुनर नाही. नोकरी लागली तरी सुरुवातीला कंत्राटी असू शकते, पगार कमी असू शकतो.

म्हणून प्रवेशाआधी चार गोष्टी करा. एक, वर्कशॉप स्वतः जाऊन बघा, मुलाला बरोबर घेऊन. यंत्र चालू आहे का, त्याच्यावर धूळ आहे की तेल, एवढं बघितलं तरी कळतं. दोन, ज्या ट्रेडला अर्ज करताय त्याला राष्ट्रीय मान्यता आहे का ते विचारा. तीन, मागच्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलांना गाठा आणि विचारा, अप्रेंटिसशिप कुठे मिळाली. चार, मुलीलाही बरोबर न्या. मुलींसमोर आपण फक्त शिवणकाम ठेवतो. इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक आहे, सिव्हिलचं ड्राफ्ट्समन आहे, कोपा आहे. मुलींसाठी राखीव जागा असतात, काही शहरांत त्यांच्यासाठी वेगळे आयटीआयही आहेत.

आता 'लोक काय म्हणतील' याबद्दल. तेच वाक्य मी म्हणालो होतो. आज ज्या कॉलेजांची नावं आपण मोठ्या अदबीने घेतो, ती कशी सुरू झाली? पुण्याचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं, ते सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करणारी शाळा म्हणून. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसं हवी होती. आणि आमच्या मिरजेजवळचं किर्लोस्करवाडी, जे १९१० साली वसलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात अडचण असल्याने ते सोडावं लागलं, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर केला. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. अब्बांच्या दुकानात आलेल्या कितीतरी मोटारींवर त्यांचं नाव होतं. हाताच्या कामाला कमी समजायला आपण नंतर शिकलो.

मला कुणी विचारेल, तुझ्या मुलीला आयटीआयला घालशील का? ती सहा वर्षांची आहे. खरं सांगतो, उद्या ती तसं म्हणाली तर पहिल्या क्षणी मलाही जड जाईल. इतकी वर्षं अंगात मुरलेली गोष्ट एका भाषणाने जात नाही. पण तिला बोलू देईन, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलंय. ज्या मुलाला पुस्तकात गोडी आहे, गणितात गती आहे, त्याला खुशाल इंजिनिअरिंगला पाठवा, पैसे नसतील तर आपण मिळून उभे करू. आपल्याला डॉक्टर हवेत, वकील हवेत, इंजिनिअरही हवेत. मी डिग्रीच्या विरोधात नाही. मुलगा न बघता, फक्त लोकांकडे बघून घेतलेल्या डिग्रीच्या विरोधात आहे.

गेल्या वर्षी माझ्या आपाचा मुलगा दहावी झाला. घरी सगळे जमले आणि मला फोन आला, "तू इंजिनिअर आहेस, तूच सांग याला कुठे घालायचं." मी सांगणारच होतो. तोंडापर्यंत शब्द आले होते. पलीकडून माझ्या भावाचा आवाज आला. तो फोनवर नव्हता, मागे कुठेतरी बसला होता. तो आपाला म्हणाला, "पहले उसकू तो पूछो."

त्याला कुणी विचारलं नव्हतं ना. म्हणून त्याला हे सुचलं.

मी फोन भाच्याकडे द्यायला सांगितलं. तो पाच मिनिटं बोलला. त्याला एसीचं काम आवडतं. फ्रिज गार कसा होतो हे त्याने मला समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. मामाच्या दुकानाजवळच्याच आयटीआयमध्ये तो आता शिकतोय. भावाने त्याच्यासाठी एक मल्टिमीटर घेतला. मी भावाला म्हणालो, आयटीआयला वयाची वरची अट नसते, तूही अर्ज भर. तो हसला. म्हणाला, "दुकानपे कौन बैठेगा, भाई?" दोन मुलं आहेत त्याला. मी अजून विचारत असतो. माफी मी त्याच्याकडे उशिरा मागितली, आणि तुमच्यासमोर हे सांगायची परवानगी त्याच्याकडून घेऊन आलो आहे.

मागच्या टेबलावर आपले कार्यकर्ते बसलेत. आयटीआयच्या प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन असतात, ते भरायला ते मदत करतील. जवळ कोणकोणते ट्रेड आहेत त्याची यादीही तिथे लावली आहे. डिप्लोमा आणि अकरावीची माहितीही आहे. पण त्या टेबलाकडे जाण्याआधी एक काम करा. शेजारी बसलेल्या तुमच्या मुलाला, मुलीला विचारा, तुला काय करायला आवडतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.